गाळ आधी हाताने, मग ऑइलने

(दृश्य : डिझेल इंजिनाच्या माथ्यावरच्या झाकणाचे, म्हणजे टॅपेट कव्हरचे, सगळे बोल्ट निघालेत, तरी कव्हर हलत नाही. रबरी हातोड्याचे दोन-तीन ठोके. कव्हर सुटतं.)

कव्हर वर आलं, पण त्याच्या पोटाचा साचा इंजिनवर तसाच राहिला. रॉकर, स्प्रिंगा, पुशरॉडची टोकं, सगळं ऑइलच्या काळ्या गाळाच्या थराखाली. बोट दाबलं तर खळगा पडतो आणि तो भरून येत नाही.

डिझेल इंजिनाच्या ऑइलमध्ये काजळी जाणारच. पिस्टनच्या रिंगांमधून निसटलेला वायू सोबत काजळी, पाण्याची वाफ आणि थोडं न जळलेलं डिझेल खाली घेऊन येतो. काजळीचे कण सुटे ठेवणारी आणि आम्ल मारणारी रसायनं ऑइलमध्ये घातलेली असतात, पण ती वापरात संपत जातात. ती संपली की कण एकमेकांना चिकटतात, ऑइल घट्ट होतं आणि इंजिनाच्या थंड भागांत थर धरायला लागतं : कव्हरच्या आत, चेंबरच्या (इंजिनाच्या तळाशी ऑइल साठवणाऱ्या भांड्याच्या) कोपऱ्यांत, हेडच्या कडेला.

ऑइल वेळेवर न बदलणं हे यामागचं पहिलं कारण. पण तेवढंच नाही. तासन्‌तास आयडलवर उभी असलेली गाडी, तुंबलेला ब्रीदर (इंजिनातला वायू बाहेर सोडणारी वाट), टपकणारा इंजेक्टर. किंवा उघडाच अडकलेला थर्मोस्टॅट. मग इंजिन पुरतं तापतच नाही आणि ऑइलमधलं पाणी उडून जात नाही. मूळ कारण तसंच ठेवून गाळ काढला तर तो पुन्हा बसतो.

रंग नीट पाहा. काळा आणि डांबरासारखा चिकट असेल तर काजळी आणि जुनं ऑइल. फिकट तपकिरी, दुधाळ असेल तर पाणी. ऑइल भरायच्या झाकणाखाली नुसती साय दिसली तर ती दमटपणाची असू शकते. पण ऑइलची पातळी बघायच्या गेजपट्टीवरही तोच रंग असेल आणि रेडिएटरची पातळी उतरत असेल, तर कूलंट ऑइलमध्ये शिरतंय. तेव्हा आधी हेड गॅस्केट, ऑइल कूलर आणि लायनरच्या खालच्या सील तपासायच्या. शंका असेल तर तापलेल्या लोखंडी पत्र्यावर ऑइलचा एक थेंब टाका. तडतडला तर पाणी आहे. डोळ्यांवर चष्मा हवाच.

इथे बहुतेकांचा हात फ्लशच्या, म्हणजे गाळ विरघळवायच्या रसायनाच्या, डब्याकडे जातो. डबा ओतायचा, इंजिन चालू ठेवायचं, ऑइल काढायचं, झालं. थोड्या मळलेल्या इंजिनाला ते चालतं. इतका गाळ असलेल्या इंजिनाला ते महागात पडतं.

(दृश्य : चेंबर उतरलेलं. ऑइल पंपाच्या नळीच्या टोकाची जाळी अगदी जवळून. भोकांपैकी मोजकीच उघडी.)

ही पंपाची जाळी. इंजिनाला लागणारं सगळं ऑइल एवढ्याच भोकांतून वर जातं. जागेवर बसलेला गाळ बरीच वर्षं तिथेच पडून राहतो. फ्लशने तो सगळा विरघळत नाही, त्याचे तुकडे सुटतात, खाली येतात आणि या जाळीवर येऊन बसतात. पंपाला ऑइल मिळत नाही, दाब कोसळतो आणि क्रँकला धरणारं मेन किंवा कनेक्टिंग रॉडच्या खालच्या टोकाचं, म्हणजे बिग एन्डचं, बेअरिंग जातं. म्हणून कामाचा क्रम ठरलेला : आधी खोलून हाताने, रसायन शेवटी. तेही लागलंच तर.

खोलण्याआधी दाब मोजायचा. डॅशबोर्डवरच्या दिव्यावर विसंबू नका. दाब खूपच खाली गेल्याशिवाय तो लागत नाही. दाबाचा सेन्सर काढून त्या जागी मेकॅनिकल गेज लावा. इंजिन तापल्यावर आयडलला किती आणि रेस केल्यावर किती, ते लिहून ठेवा. मिनिटाला दर हजार फेऱ्यांमागे साधारण १० पीएसआय हा जुना ठोकताळा आहे, खरा आकडा त्या इंजिनाच्या मॅन्युअलमधलाच. आणि गेजवर दाब चढतच नसेल तर इंजिन लगेच बंद.

ऑइल कोमट असतानाच काढा. ड्रेन नट उघडूनही धार येत नसेल तर तोंडाशी गाळ आहे. वाकवलेल्या तारेने तो फोडावा लागतो. निघालेलं ऑइल मोजा. समजा, इंजिनात २० लिटर ऑइल मावतं, गेजपट्टी पूर्ण पातळी दाखवत होती आणि बाहेर आलं १४ लिटर. मग उरलेली जागा कशाने भरली आहे ते चेंबर उतरवल्यावर कळतं.

चेंबर जड असतं. चाकांना अडण, गाडीखाली स्टँड, बॅटरीची केबल सुटी, हातात नायट्राइलचे मोजे. वापरलेलं ऑइल रोज कातडीला लागणं घातक आहे. चेंबरमधला गाळ लगेच फेकू नका. त्यातून लोहचुंबक फिरवा, मग थोडा गाळ डिझेलमध्ये विरघळवून पांढऱ्या कापडातून गाळा. तांबूस किंवा रुपेरी चकाकणारे कण दिसले तर हे काम आता नुसत्या साफसफाईचं राहिलं नाही.

चकाकी नसली तरी एक बिग एन्ड आणि एक मेन कॅप उघडून शेल (बेअरिंगच्या अर्धगोल पट्ट्या) बघावेत. राखाडी थर झिजून तांबं दिसत असेल तर सगळे शेल बदलायचे. कॅप काढण्याआधी नंबर आणि दिशा यांची खूण करा. कॅपची अदलाबदल चालत नाही. काही इंजिनांत हे बोल्ट एकदाच वापरायचे असतात.

आता खरवडणं. लाकडी किंवा प्लास्टिकची पट्टी वापरा. मोठे थर पट्टीने उचलून डब्यात टाकायचे, खाली ढकलायचे नाहीत. त्याआधी पुशरॉडची आणि ऑइल परत उतरायची भोकं फडक्यांनी बुजवा आणि फडकी मोजून ठेवा. जितकी आत गेली तितकीच बाहेर यायला हवीत. तारेचा ब्रश नको, त्याची एखादी तार तुटून गॅलरीत, म्हणजे ऑइलच्या आतल्या वाटेत, जाते. गॅस्केटची जागा घासायच्या अपघर्षक चकत्याही नकोत; त्यांतले ॲल्युमिनियम ऑक्साइडचे कण ऑइलबरोबर फिरून बेअरिंग खातात. ॲल्युमिनियमच्या भागांना कॉस्टिक सोडा लावू नका, तो धातूच खातो. पेट्रोल तर नकोच. त्याची वाफ एका ठिणगीने पेटते.

(दृश्य : हेडवर डिझेलची बारीक धार. कॅमेरा खाली, इंजिनाच्या उघड्या पोटाकडे.)

फडकी काढा. नायलॉनच्या लांब ब्रशने एकेक परतीचं भोक साफ करा, मग वरून डिझेल ओता आणि खाली मोठ्या तबकात ते कसं पडतं ते पाहा. धार लगेच आली तर वाट मोकळी. वर तळं साचून खाली थेंब-थेंब येत असेल तर भोक अजून तुंबलेलं आहे. हे भोक तुंबलेलंच राहिलं तर ऑइल हेडवर साचतं, व्हॉल्व्हच्या सीलमधून सिलिंडरमध्ये उतरतं, आणि दोष रिंगांना दिला जातो. खालून येणारं डिझेल स्वच्छ दिसेपर्यंत हे चालू ठेवायचं. घाई केली की फसतं ते इथेच.

जाळी आणि नळी डिझेलमध्ये भिजवा, मग आतून बाहेर हवा मारा. नळीच्या जोडाची ओ-रिंग नवीनच टाका. जुनी कडक झालेली असते, पंप तिथून हवा ओढतो आणि जाळी स्वच्छ असूनही दाब मिळत नाही. टर्बोला ऑइल नेणाऱ्या नळीत गाळाचा कोळसा झालेला असतो. ती साफ करत बसू नका, बदला. ही नळी जोडणाऱ्या पोकळ बँजो बोल्टचं बारीक भोकही बघा. ब्रीदर धुऊन किंवा बदलून घ्या.

चेंबर बसवताना सिलिकॉनची रेघ बारीक ठेवा, साधारण ३ मिलिमीटर. जास्त लावलेलं सिलिकॉन आतल्या बाजूला दबून बाहेर येतं, त्याचा तुकडा सुटला की जाळीवर जाऊन बसतो, आणि सगळी मेहनत पाण्यात.

नवा फिल्टर, आणि इंजिनाला चालणाऱ्या ग्रेडचं साधं खनिज ऑइल, बहुतेक ट्रकांत १५डब्ल्यू-४०. डिझेलचा पुरवठा बंद ठेवून सेल्फ मारा. एका वेळी १५ सेकंदांपेक्षा जास्त नाही, मध्ये दोन मिनिटं विश्रांती. गेजवर दाब आला की मगच इंजिन सुरू करायचं. निव्वळ डिझेल किंवा रॉकेल भरून इंजिन चालवायची जुनी पद्धत आहे, ती टाळा. त्याचा थर इतका पातळ असतो की बेअरिंगला आधारच मिळत नाही.

लोड न देता २० ते ३० मिनिटं चालवा, नजर गेजवर. दाब घसरू लागला तर बंद करून जाळी पुन्हा बघायची. सगळं ठीक असेल तर हे ऑइल गरम असतानाच काढा, फिल्टर कापा आणि कागदाच्या घड्या उलगडून पाहा. मऊ काळा थर अपेक्षितच. कडक खडे दिसले तर कुठेतरी अजून जुना थर सुटतोय.

फ्लश वापरायचा असेल तर तो आता, याच टप्प्यावर, डब्यावरच्या प्रमाणात आणि फक्त आयडलवर. मात्र आतून धुण्याचं उरलेलं काम चांगलं डिझेल-ग्रेड ऑइल स्वतःच करतं, सावकाश. दुसऱ्या भरणीचा फिल्टर पहिल्या ५० तासांतच बदला. फिल्टर तुंबला की त्याचा बायपास व्हॉल्व्ह उघडतो आणि न गाळलेलं ऑइल थेट बेअरिंगकडे जातं. पुढचे दोन-तीन बदल निम्म्या अंतरावर करा. ऑइल लवकर काळं झालं म्हणून घाबरू नका, ते जुनी काजळी उचलतंय.

या काळात गळती सुरू होऊ शकते. कडक झालेल्या सीलची फट आतापर्यंत गाळाने बुजवलेली असते. क्रँकच्या मागच्या सीलमधून थेंब दिसला तर गिअरबॉक्स उतरवावा लागेल, तेव्हा क्लच प्लेटही त्याच वेळी तपासून घ्या. काढलेला गाळ, जुनं ऑइल आणि धुतलेलं डिझेल झाकणाच्या पिंपात भरून वापरलेल्या ऑइलवर पुनर्प्रक्रिया करणाऱ्यांकडे द्यायचं. गटारात किंवा मातीवर नाही. तेलकट फडकी झाकणाच्या लोखंडी डब्यात.