सेव्हन्टी थ्री : हॅम मंडळींचं उघडं कपाट

(दृश्य : मोर्स कीवरची बोटं, अगदी जवळून)

डा-डा-डिट-डिट-डिट. डिट-डिट-डिट-डा-डा.

मोर्स लिपीत सात आणि तीन. उलटीकडून ऐका, तेच ऐकू येईल. तारेवरचे नेहमीचे निरोप झटपट उरकावेत म्हणून एकोणिसाव्या शतकातल्या तारमास्तरांनी आकडे ठरवून घेतले होते. त्यांतला हा ७३, म्हणजे ‘शुभेच्छा’. हॅम, म्हणजे हौशी रेडिओ चालक, जगात कुठेही असो, बोलणं संपवताना तो आजही सेव्हन्टी थ्री म्हणतो. आपल्याकडचे, ज्यांची रेडिओवरची ओळख व्हीयू-टू, व्हीयू-थ्रीने सुरू होते, ते भारतीय हॅमसुद्धा.

(दृश्य : जुनी मुखपृष्ठं, एकामागून एक)

ऑक्टोबर १९६० मध्ये अमेरिकेत वेन ग्रीन यांनी मासिक काढलं आणि त्याला नाव दिलं ७३. त्यांचं कॉल साइन, म्हणजे रेडिओवरचं ओळखनाव, होतं डब्ल्यू-टू-एन-एस-डी. शेवटच्या तीन अक्षरांवरून त्यांनी संपादकीयाचं नाव ठेवलं ‘नेव्हर से डाय’. हार मानायची नाही. मासिकाचा मोठा भर होमब्रूवर, म्हणजे घरी बनवलेल्या सेटवर. हे पान थांबवून बघा : सर्किट, सुट्या भागांची यादी, कॉइलला किती वेढे द्यायचे तेही. दुकानातून तयार सेट आणण्याआधी स्वतः एकदा बनवून बघा, असं सांगणारं हे मासिक. आम्हाला ते जवळचं वाटतं ते यासाठीच.

सप्टेंबर २००३ मध्ये ते बंद पडलं.

(दृश्य : स्कॅनिंगचं यंत्र, काळा पडदा, दोन कॅमेरे)

त्रेचाळीस वर्षांचे अंक आज इंटरनेट अर्काइव्ह या ऑनलाइन ग्रंथालयात आहेत. तिथे जुना कागद असा स्कॅन होतो. इंग्रजी व्ही अक्षरासारख्या खाचेत पुस्तक उघडून ठेवायचं, म्हणजे पाठीवर ताण येत नाही. पायाखालचं पेडल दाबलं की काच वर जाते. पान हाताने उलटायचं, काच खाली, दोन्ही कॅमेऱ्यांचा क्लिक. पुन्हा पेडल. पान उलटायला यंत्र नाही, माणूसच लागतो. बोटं बघा, कोपरा कसा अलगद उचलतात.

(दृश्य : टंकलिखित, सायक्लोस्टाइल केलेली क्लबची पत्रकं)

या कामामागच्या पैशाची गोष्ट ऐकण्यासारखी आहे. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला, इंटरनेट बाल्यावस्थेत असताना, हॅम मंडळींना प्रयोगांसाठी ४४ ने सुरू होणारे इंटरनेट पत्ते, म्हणजे नेटवरच्या संगणकांचे आकडी पत्ते, मिळाले. थोडेथोडके नाहीत, सुमारे १ कोटी ६७ लाख. पुढे जगाला पत्ते पुरेनात, त्यांना भाव आला. २०१९ मध्ये त्यांतले पाव हिस्सा पत्ते अ‍ॅमेझॉनने घेतले, १० कोटी डॉलरहून जास्त मोजून. ते पत्ते सांभाळणाऱ्या ‘अमॅच्युअर रेडिओ डिजिटल कम्युनिकेशन्स’ या संस्थेने त्यातून अनुदानं द्यायला सुरुवात केली, आणि २०२२ मध्ये इंटरनेट अर्काइव्हवर हौशी रेडिओचं खास डिजिटल ग्रंथालय उभं राहिलं. मासिकं तर आहेतच, पण आम्हाला त्याहून मोलाची वाटतात ही पत्रकं. मोजक्या प्रती निघायच्या, सभासदांत वाटल्या जायच्या आणि रद्दीत जायच्या. तुमच्या क्लबचा गठ्ठा कुठे पडला असेल, तर तो रद्दीवाल्याला देऊ नका.

पत्ते विकण्याआधी आम्हाला विचारलं नाही, अशी काही हॅमची तक्रार होती. ऑक्टोबर २०२४ मध्ये सायबर हल्ल्यामुळे अर्काइव्ह काही दिवस बंदही होतं.

(दृश्य : मोबाइलवर उघडलेला अंक, मागे गच्ची)

७३ चा अंक उघडायला पैसे लागत नाहीत, खातंही लागत नाही. डायपोल अँटेनाचा, म्हणजे मधोमध दोन भाग केलेल्या तारेच्या अँटेनाचा, हिशेब जुनाच आहे : ४६८ भागिले मेगाहर्ट्‌झ, उत्तर फुटांत. सात पॉइंट एकने भागा. सहासष्ट फूट तार.

(दृश्य : गच्चीवर तार उलगडताना)

मधोमध इन्सुलेटर. तेहतीस फूट या कठड्याकडे, तेहतीस फूट पाण्याच्या टाकीकडे. टोकाला दुमडायला वीतभर जास्तीची ठेवायची. कापलेली तार पुन्हा वाढत नाही.

(तार वर चढते. खाली रिसीव्हरचा आवाज.)