घरचे दप्तर : कोणता कागद जपावा, कोणता सोडावा

श्रोतेहो,

घरातील कागद लावायला बसणारा माणूस बहुधा विषयांपासून सुरुवात करतो. बँक, विमा, वीज, शाळा, दवाखाना अशा फाइली होतात आणि प्रत्येक फाइलीत कामाचे व बिनकामाचे कागद एकमेकांना चिकटून राहतात. माझे म्हणणे असे की विषय नंतर पाहावा; आधी प्रत्येक कागद हातात घेऊन विचारावे की हा हरवला तर पुन्हा मिळेल का, आणि मिळवायला किती खेपा पडतील. या एका प्रश्नाने टेबलावरचा बराचसा ढीग तिथल्या तिथे उतरतो.

डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा, आठ-अ आणि मालमत्ता पत्रक आज महसूल विभागाच्या संकेतस्थळावरून थोडे शुल्क भरून घरबसल्या मिळते. वीजबिल व बँकेचा खातेउतारा यांचेही तेच आहे. यांच्या वर्षानुवर्षांच्या प्रती साठवून कपाट अडवण्यात अर्थ नाही. अपवाद जुन्या हस्तलिखित सातबाराचा आणि फेरफार उताऱ्यांचा. जमीन कोणाकडून कोणाकडे आली हे त्यांवरील फेरफार क्रमांकांच्या आधारेच मागे मागे शोधत जाता येते.

मूळ खरेदीखताचे तसे नाही. नोंदणीकृत दस्ताची प्रमाणित प्रत दुय्यम निबंधकाकडून मिळते हे खरे, परंतु कर्ज देणारी बँक आणि पुढचा खरेदीदार मूळ दस्तच मागतात, आणि तो हरवला तर पोलिसांत तक्रार, वर्तमानपत्रात जाहीर सूचना असे सोपस्कार मागे लागतात. सोसायटीचे भागप्रमाणपत्र याच वर्गात ठेवावे. इच्छापत्र तर त्याहून नाजूक आहे. भारतीय उत्तराधिकार अधिनियम, 1925 प्रमाणे त्यावर दोन साक्षीदारांच्या स्वाक्षऱ्या लागतात, मात्र नोंदणी सक्तीची नाही. त्यामुळे नोंदणी न केलेल्या इच्छापत्राची जगातली एकमेव प्रत आपल्या कपाटात असू शकते.

आता ज्या कागदांची सर्वांत जास्त उपेक्षा होते, त्यांच्याकडे वळतो. आजोबा-पणजोबांच्या शाळेचा प्रवेश-निर्गम उतारा, गाव नमुना 14 मधील जन्म-मृत्यूची नोंद, मोडीतील एखादे खत, असे कागद ट्रंकेच्या तळाशी असतात आणि घर बदलताना सर्वांआधी रद्दीत जातात. महाराष्ट्रात जातीचा दाखला व जातवैधता मिळवताना अनुसूचित जातींसाठी 10 ऑगस्ट 1950, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी 21 नोव्हेंबर 1961 आणि इतर मागासवर्गासाठी 13 ऑक्टोबर 1967 या तारखा निर्णायक ठरतात, आणि त्यांपूर्वीच्या नोंदींना पुरावा म्हणून मोठे वजन असते. 2023 मध्ये न्यायमूर्ती शिंदे समितीने कुणबी नोंदींचा शोध सुरू केला तेव्हा जुनी मोडी दप्तरे उघडावी लागली आणि मोडी वाचणाऱ्यांचा शोध घ्यावा लागला. नातवाचा प्रवेश ज्या कागदावर अवलंबून आहे तो वाचता येत नाही म्हणून फेकला जावा, ही गोष्ट मला अतिशय क्लेशदायक वाटते. न वाचता येणारा कागद वाचून घेईपर्यंत मौल्यवानच समजावा.

असे कागद लॅमिनेट करू नयेत. एकदा तापवून चिकटलेले प्लास्टिक कागदाला इजा न करता निघत नाही. टाचण्या काढाव्यात, कारण कोकणात आणि मुंबईत एका पावसाळ्यात त्यांचा गंज कागदावर उतरतो. कोरड्या कपाटात, स्वच्छ सुती कापडात गुंडाळून ठेवणे ही आपल्याकडची जुनी रीत आहे. पुण्याच्या पेशवे दप्तरातील मोडी कागद अशाच रुमालांत बांधलेले आहेत. उलट दुकानाच्या यंत्रातून निघणारी चकचकीत पावती कितीही जपली तरी अक्षरे उडतात, म्हणून वॉरंटीची पावती आणल्या दिवशीच तिची छायाप्रत काढावी.

सरकारच्या ऑनलाइन दस्तऐवज-पेटीविषयी, म्हणजे डिजिलॉकरविषयी, थोडेच सांगतो. सरकारी विभागाने थेट तेथे दिलेला दस्तऐवज मूळ कागदाच्या तोडीचा मानला जातो. आपण छायाचित्र काढून चढवलेली प्रत ही केवळ प्रत असते.

टपालाची कसोटी वेगळी आहे. तेथे मुदत पाहावी लागते. 1 सप्टेंबर 2025 पासून नोंदणी टपाल सेवा स्पीड पोस्टमध्ये विलीन झाली, त्यामुळे लिफाफा पाहूनच कायदेशीर नोटीस ओळखण्याची जुनी सवय आता पुरेशी नाही. लिफाफा घेण्यास नकार दिला म्हणजे नोटीस टळली, ही समजूत तर घातक आहे. योग्य पत्त्यावर नोंदणी टपालाने पाठवलेले पत्र पोहोचले असे कायदा गृहीत धरतो, आणि नाकारलेल्या पत्रालाही न्यायालये तेच तत्त्व लावत आली आहेत. धनादेश न वटल्याची नोटीस मिळाल्यापासून रक्कम देण्यास 15 दिवसच असतात. फेरफाराच्या नोटिशीवर हरकत घेण्याचा अवधीही 15 दिवसांचाच आहे, आणि गावच्या दप्तरात जुना पत्ता राहिलेल्या मुंबई-पुण्याच्या वारसांना ती नोटीस अनेकदा कळतच नाही. आलेल्या पत्राची मुदत चुकू नये यावर उपाय म्हणजे सरकारी कार्यालयातली आवक-जावक नोंदवही. घरात एक साधी वही ठेवून आलेल्या पत्राची तारीख, कोणाकडून आले आणि उत्तराची शेवटची तारीख एवढे लिहावे. उत्तर धाडल्यावर त्याची प्रत व पोच मूळ पत्राला जोडावी. लिफाफाही टाकू नये, कारण त्यावरचा टपालाचा शिक्का हा तारखेचा पुरावा असतो.

आयकराचे कागद किती काळ ठेवायचे, असे नेहमी विचारले जाते. 2024 च्या दुरुस्तीनंतर जुने प्रकरण पुन्हा उघडण्याची नोटीस करनिर्धारण वर्ष (कमाईच्या वर्षानंतरचे वर्ष) संपल्यापासून सामान्यतः सव्वातीन वर्षांपर्यंत, आणि दडलेले उत्पन्न 50 लाख रुपये वा अधिक असल्यास सव्वापाच वर्षांपर्यंत येऊ शकते. घर वाढवल्याची, मोठे बांधकाम केल्याची बिले मात्र या हिशेबात बसत नाहीत. घर विकताना भांडवली नफा काढण्यासाठी ती लागतात, म्हणून घर असेपर्यंत आणि विक्रीनंतर वरील मुदत संपेपर्यंत ती राहू द्यावीत.

शेवटी एका मोठ्या उणिवेकडे लक्ष वेधतो. आपल्याकडे कागद बहुधा घरातला एकच माणूस सांभाळतो, बहुतेकदा वडील किंवा नवरा, आणि बाकीच्यांना कपाटाच्या किल्लीपलीकडे काही ठाऊक नसते. दहा वर्षे व्यवहार न झालेल्या खात्यातील रक्कम बँका रिझर्व्ह बँकेच्या ठेवीदार निधीकडे वर्ग करतात. ती वारसांना परत मागता येते आणि शोधासाठी 2023 पासून ‘उद्गम’ हे संकेतस्थळही आहे, परंतु त्यासाठी खाते होते हे आधी कोणाला तरी माहीत असावे लागते. नामनिर्देशन केले म्हणजे मालकी ठरली, असेही नाही. नामनिर्देशित व्यक्ती ती रक्कम वारसांच्या वतीने स्वीकारते. म्हणून एका कागदावर स्वच्छ मराठीत खाती व शाखा, विम्याचे क्रमांक, जमिनीचे गट क्रमांक, लॉकर आणि इच्छापत्राची जागा लिहावी. पासवर्ड त्यात लिहू नयेत. दर वर्षी 31 मार्चनंतर ही यादी तपासावी, आणि तपासताना ती घरातल्या दुसऱ्या माणसाच्या हाती देऊन त्यांतले दोन-तीन कागद आपल्या मदतीशिवाय काढायला सांगावे. जो कागद त्यांना सापडणार नाही, त्याची जागा त्यांना सोयीची पडेल अशी त्याच दिवशी बदलावी.