पिन बाबांच्या हातात

(चिंचवडमधलं एक जुनं बैठं घर. अंगणात विटांच्या दोन थप्प्यांवर आडवी टाकलेली स्कूटर. पत्र्यावर गंजाचे पोपडे.)

गुरुवार होता. पुण्यात गुरुवार म्हणजे दुरुस्तीसाठी वीज बंद ठेवायचा वार. मी अंगणात चेतकच्या फूटबोर्डाचा सडलेला पत्रा कापत होतो आणि हातातला ग्राइंडर, म्हणजे गोल डिस्क फिरवून पत्रा कापणारं मशीन, एकदम गप्प झाला. लाईट गेली. ग्राइंडर शेजारच्या स्टुलावर ठेवला, हात पुसले आणि चहाला आत गेलो.

पाऊण तासानं लाईट आली. पंखा फिरला, फ्रिज गुरगुरला आणि त्याच क्षणी अंगणात ग्राइंडर सुरू झाला. त्याचं बटण पुढे सरकवून अडकवलेलं होतं, ते तसंच राहिलं होतं. मशीन स्टुलावरून खाली उडालं, फरशीवर आपटलं आणि स्वतःच्याच वायरीला गुरफटत गरगर फिरायला लागलं. मी धावत जाऊन बोर्डावरचं बटण बंद केलं, तोवर डिस्क फुटून गेली होती. एक तुकडा तुळशीवृंदावनाच्या पायरीवर सापडला. अंगणात त्या वेळी कोणी नव्हतं, म्हणून निभावलं.

या फिल्मची सुरुवात तिथून झाली. हत्यार चालू असताना आपण सावध असतो, निदान आवाजामुळे तरी. बंद झालं की आपण सैल पडतो, आणि घरी जुनी गाडी दुरुस्त करणाऱ्या माणसाचा घात बऱ्याचदा त्याच वेळी होतो.

(स्कूटरचा जवळून फोटो. तीन इंग्रजी अक्षरांची जुनी नंबर प्लेट.)

ही बाबांची चेतक, 1984 ची. इथून जवळच, आकुर्डीच्या कारखान्यात तयार झालेली. बजाजनं चेतक 1972 साली बाजारात आणली, नाव दिलं महाराणा प्रतापांच्या घोड्याचं. त्या काळात स्कूटर नोंदवून माणसं कित्येक वर्षं वाट बघायची. मधल्या काळात मुलांच्या मुंजी व्हायच्या. बाबांनीही अशीच वाट बघितली होती. म्हणून ही गाडी भंगारात द्यायचं कोणाच्या मनातही आलं नाही.

चेतकला मोटारसायकलसारखा वेगळा सांगाडा नसतो. दाबून आकार दिलेला पत्रा हाच तिचा सांगाडा. त्यामुळे पत्रा सडला की गाडीचा कणाच सडतो. सगळ्यात आधी जातो तो फूटबोर्ड. वर रबरी मॅट, मॅटखाली पावसाचं पाणी, आणि पाणी सुकायला वाव नाही. मॅट उचलली तेव्हा ब्रेकच्या पायडलाजवळ माझं बोट आरपार गेलं. डेंटरनं बघितलं आणि म्हणाला, "साहेब, एवढा तुकडा कापून नवा पत्रा लावायला लागेल." कापायचं काम आपण घरी करू, वेल्डिंगला त्याच्याकडे नेऊ, असं ठरलं. ऑनलाइन चार इंची ग्राइंडर मागवला. खोका उघडला त्या दिवशी माझ्या मनात फक्त उत्साह होता, हे मी कबूल करतो.

(ग्राइंडरवरची पट्टी: 11,000 फेरे प्रति मिनिट. मग थांबलेली डिस्क, अगदी जवळून.)

मशीनच्या पट्टीवर एक आकडा असतो, मिनिटाला 11,000 फेरे. हिशेब करून बघा. चार इंची, म्हणजे 100 मिलिमीटरची डिस्क या वेगानं फिरते तेव्हा तिची कड ताशी 200 किलोमीटरच्या पुढे धावत असते. आमची चेतक उभ्या आयुष्यात शंभरीलाही पोहोचली नाही. आणि त्या वेगात असलेली डिस्क किती जाड? एक मिलिमीटर. नखाएवढी म्हणा ना.

डिस्कवरही आकडा छापलेला असतो, तिला सोसणारा जास्तीत जास्त वेग. चार इंची डिस्कवर साधारण 15,000 च्या वर असतो, म्हणजे आपल्या मशीनपेक्षा जास्त. सात इंची डिस्कवर मात्र 8,500 च्या आसपास असतो. ती लहान मशीनवर गार्ड, म्हणजे डिस्कवरचं पत्र्याचं झाकण, काढल्याशिवाय बसतच नाही, आणि लोक नेमका तोच गार्ड काढतात. त्यांना वाटतं, डिस्क मोठी, पत्रा लवकर कापला जाईल. पण 8,500 सोसणारी डिस्क 11,000 नं फिरवली की ती कधी फुटेल याचा भरवसा नाही, आणि फुटेल तेव्हा मध्ये आडवं काहीच नसतं. लाकूड कापायचं दातेरी पातं ग्राइंडरला लावणारेही मी बघितलेत. ते तर कुठल्याही कामासाठी, कुणीही करू नये.

डिस्कच्या मधल्या पितळी रंगाच्या कड्याकडे सहसा कोणी बघत नाही. त्यावर महिना आणि वर्ष कोरलेलं असतं. ही डिस्क राळेनं बांधलेली असते. ओल लागली, वर्षं गेली, की राळ कच्ची होते. म्हणून तिला साधारण तीन वर्षांची मुदत असते. माळ्यावर, पत्र्याच्या डब्यात, चार पावसाळे काढलेली डिस्क दिसायला नवी कोरी असली तरी टाकून द्यायची. माझ्याकडे अशा सहा होत्या. टाकताना जीव तुटला, पण टाकल्या.

(पत्रा कापतानाचा प्रसंग. कापलेल्या फटीवर कॅमेरा स्थिर.)

आता हे नीट बघा. फूटबोर्ड कापत पुढे चाललो की कापलेला भाग स्वतःच्या वजनानं खाली झुकतो. फट मिटायला लागते आणि डिस्क दोन्ही बाजूंनी चिमटली जाते. त्या क्षणी मशीनला फिरायला जागा उरत नाही, म्हणून ते उलटं फिरून माणसाच्या अंगावर येतं. हे इतकं पटकन होतं की हात सावरायला वेळच मिळत नाही. म्हणून कापायच्या आधी खालून टेकू द्यायचा, पडणारा तुकडा क्लॅम्पनं धरून ठेवायचा. दोन्ही हात मशीनवर, बाजूचं हँडल लावलेलं. आपण डिस्कच्या रेषेत उभं राहायचं नाही, थोडं बाजूला. नवी डिस्क चढवली की मिनिटभर मोकळी फिरवायची, तोंड भिंतीकडे करून. आणि कापायच्या डिस्कच्या अंगानं घासायचं नाही. त्यासाठी जाड घासायची डिस्क किंवा फ्लॅप डिस्क वेगळी मिळते.

गंज काढायला ग्राइंडरवर लावतात त्या वायर ब्रशचा धोका वेगळा. त्याच्या तारा सुटून सुईसारख्या उडतात. गंज काढून झाल्यावर शर्ट झटकला तर कापडात रुतलेल्या चार-पाच तारा सापडल्या. एक छातीच्या खिशात होती. सैल सदरा, ओढणी, लुंगी, गळ्यातला गोफ, बोटातली अंगठी, यातलं काहीही ब्रशच्या जवळ नको. मोकळे केस बांधलेले हवेत. ड्रिल मशीनलाही हेच. त्यात भर म्हणजे ड्रिल चालवताना सैल कापडी हातमोजे नकोत, बिट मोजा ओढून घेतं आणि मोज्यात बोटं असतात.

(घड्याळाचा सेकंद काटा. बंद केलेला ग्राइंडर अजून फिरतोय.)

बटण बंद केलं. एक, दोन, तीन. आम्ही मोजलं, आमच्या मशीनला पूर्ण थांबायला नऊ सेकंद लागले. या नऊ सेकंदांत आपण मशीन खाली ठेवतो, मांडीशी टेकवतो, कोणी हाक मारली म्हणून वळतो. डिस्क थांबेपर्यंत मशीन हातात धरून ठेवणं, एवढंच करायचं असतं, आणि तेच होत नाही.

(पेट्रोलची टाकी. अंगणाच्या दुसऱ्या टोकाला, सावलीत.)

आता टाकी. इथे मी थोडा वेळ घेणार आहे.

चेतकची टाकी सीटखाली असते. आमच्या टाकीला तळाशी टाचणीएवढं भोक होतं. गाडी पंधरा वर्षं बंद, टाकी कोरडी ठणठणीत. आमच्या एका ओळखीच्यांनी सांगितलं, "रिकामीच आहे ना, मग एक टाका मारून टाका." ते मनापासून मदत करत होते. पण टाकीच्या बाबतीत 'रिकामी' हा शब्द फसवा आहे.

पेट्रोल पातळ असतं तोवर जळत नाही, जळते ती त्याची वाफ. हवेत ही वाफ साधारण दीड ते साडेसात टक्के असली की ठिणगीची वाट बघत बसते. भरलेल्या टाकीत वाफ इतकी दाट असते की तिला जळायला पुरेशी हवा मिळत नाही. रिकाम्या टाकीत मात्र नेमकं ते जीवघेणं प्रमाण जमतं. आणि 'कोरडी' म्हणाल तर सांध्यांत, गंजाच्या थरात, जुन्या ऑइलच्या चिकट्यात पेट्रोल मुरलेलं असतं. वेल्डिंगच्या उष्णतेनं ते बाहेर येतं. टाकी उन्हात ठेवली, साबणानं धुतली, वास येत नाही, यातल्या कशाचाही भरवसा धरू नका. टाकीला घरी वेल्डिंग करायचं नाही, कटर लावायचा नाही, ड्रिलसुद्धा नाही. हे काम रोज करणारे कारागीर असतात, त्यांच्याकडे न्या, किंवा दुसरी टाकी शोधा. आम्ही दुसरी शोधली. तिला चार महिने लागले.

पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. ती वर उडून जात नाही, जमिनीलगत सरपटत उताराकडे जाते. पुण्याच्या कडाक्याच्या थंडीतही ती तयार होतेच. म्हणून अंगणात एकीकडे कार्बोरेटर पेट्रोलमध्ये धुतोय आणि पाच पावलांवर ग्राइंडर चालवतोय, असं कधीच नको. ठिणग्या पाच पावलांच्या पुढे जातात. शिवाय मशीनच्या मोटरीत कार्बन ब्रशपाशी बारीक ठिणग्या उडतच असतात, त्या आपल्याला दिसत नाहीत. एका दिवशी एकच काम. पेट्रोलच्या दिवशी वीज नाही, विजेच्या दिवशी पेट्रोल नाही. बादलीभर वाळू आणि एक पावडरचं अग्निशामक, दोन्ही हाताशी. पेटलेल्या पेट्रोलवर पाणी ओतलं तर ते पसरतं.

काम संपल्यावर किमान अर्धा तास अंगणातून हलू नका. ठिणगी गोणपाटात, चिंध्यांत, विटांच्या खाचेत जाऊन बसते आणि सावकाश धुमसते.

(रात्र. खिडकीतला दिवा.)

डोळ्यांचं दुखणं रात्रीच येतं. वेल्डिंगची आर्क, म्हणजे तिथला झगझगीत प्रकाश, काळ्या काचेविना बघितली तर त्या वेळी काहीच होत नाही. सहा-आठ तासांनी, झोपेत, डोळ्यांत वाळू भरल्यासारखी आग सुरू होते. डेंटरकडे उभं राहून नुसतं बघतानाही हे होतं, म्हणून मुलांना तिथे नेऊ नका. लोखंडाचा कण बुबुळात रुतला तर तो तिथे गंजायला लागतो आणि त्याभोवती गंजाचं कडं तयार होतं. रुमालाच्या टोकानं, काडेपेटीच्या काडीनं कण काढून देणारे प्रत्येक गल्लीत भेटतील. त्यांना नमस्कार करा आणि डोळ्यांच्या डॉक्टरकडे जा. नंबरचा चष्मा म्हणजे गॉगल नव्हे, त्याच्या बाजू उघड्या असतात. बाजूनं बंद असलेला गॉगल आणि कापताना त्यावर चेहऱ्याची ढाल, दोन्ही घ्या. पुढे कधी एमआरआय काढायची वेळ आली तर तिथला माणूस विचारतो, डोळ्यात कधी लोखंडाचा कण गेला होता का? हा प्रश्न ते उगाच विचारत नाहीत. तो चुंबक आत राहिलेला कण हलवू शकतो.

कानात रात्री शीळ वाजत असेल तर दिवसा कानात बोळे हवे होते, असं समजा. जुन्या ब्रेक लायनरमध्ये अॅस्बेस्टॉस असायचं, म्हणून ड्रम उघडला की कॉम्प्रेसरची हवा मारायची नाही, ओल्या फडक्यानं पुसायचं. जुन्या रंगात शिसं असू शकतं. तो कोरडा घासू नका, वॉटर पेपरनं ओला घासा आणि ते कपडे घरच्या कपड्यांत धुवायला टाकू नका.

विजेचंही सांगतो. घरात 30 मिलिअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे विजेची गळती झाली की लाईन तोडणारा स्विच, बसवून घ्या, गुंडाळी केलेली एक्स्टेंशनची वायर पूर्ण सोडून मगच वापरा, आणि पावसाळ्यात ओल्या फरशीवर हे काम काढूच नका.

(बाबा. प्लास्टिकच्या खुर्चीत, हातात काळी वायर.)

त्या गुरुवारनंतर मी बाबांना सगळं सांगितलं. ते पिंपरीच्या एका कारखान्यात मशीन शॉपला होते. ओरडले नाहीत. म्हणाले, "आमच्याकडे मशीन उघडायचं असलं की मेन स्विचला ज्याचं त्यानं स्वतःचं कुलूप लावायचं. किल्ली त्याच्याच खिशात. फोरमनलासुद्धा द्यायची नाही."

घरच्या अंगणात कुलूप कुठे लावणार? बाबांनी खुर्ची बोर्डाशेजारी ओढली. तेव्हापासून डिस्क बदलायची असली, लाईट गेली, चहाला जायचं असलं, की मी पिन उपटतो आणि त्यांच्या हातात देतो. ते ती मांडीवर घेऊन पेपर वाचत बसतात. अशी एका डिस्कला दोन मिनिटं जास्त जातात. आता नवीन मशीन घेताना मी हेही बघितलं की लाईट परत आली तरी बटण पुन्हा दाबल्याशिवाय ते सुरू होत नाही. बाबांना ते सांगितलं. त्यांनी मान डोलावली, आणि हात पुढे केला.

"पिन दे."

(डिस्क बदलणारे हात. मागे खुर्चीत बाबा, पेपर, मांडीवर पिन. फूटबोर्डाचा नवा पत्रा अजून रंगाविना.)