बुडबुड्यांचं घराणं: माटुंग्याच्या यूडीसीटीची गोष्ट

"एरिया कसा मोजलास?"

मागच्या बाकावरून हा प्रश्न आला की समोर उभा असलेला पोरगा एकदम गप्प होतो. स्लाइड छान असते, ग्राफ सुंदर असतो, गाईडनी आदल्या दिवशी सगळं तपासलेलं असतं, तरी हा प्रश्न येतोच, आणि विचारणारा कुणी मोठा प्रोफेसर असेलच असं नाही, शेजारच्या लॅबमधली सेकंड इयरची मुलगीसुद्धा असू शकते. रिसर्च सेमिनार म्हणतात तो हाच. फुलं नाहीत, समई नाही. एक प्रोजेक्टर, एक फळा, आणि समोर बसलेली माणसं जी खरंच ऐकतायत.

आपण आत्ता आहोत माटुंग्यात. स्टेशनवर उतरून, इडली आणि फिल्टर कॉफीचा मोह आवरून चालत यायचं, व्हीजेटीआय या इंजिनिअरिंग कॉलेजच्या शेजारीच हा कॅम्पस. पाटीवर आता इन्स्टिट्यूट ऑफ केमिकल टेक्नॉलॉजी लिहिलंय, २००८ पासून हे स्वतंत्र अभिमत विद्यापीठ आहे, पण जुनी माणसं अजून यूडीसीटीच म्हणतात, म्हणजे युनिव्हर्सिटी डिपार्टमेंट ऑफ केमिकल टेक्नॉलॉजी. मुंबई विद्यापीठाचा एक विभाग, बस, एवढंच होतं ते.

सुरुवात १ ऑक्टोबर १९३३ ची. तेव्हा गिरणगावात भोंगे वाजत होते, कापड इथे विणलं जायचं पण ते रंगवायचा रंग बोटीने यायचा, जर्मनीहून, इंग्लंडहून. मग रंगाचं रसायनशास्त्र आपल्या पोरांना यायला नको का? पहिले प्रमुख फॉर्स्टर, इंग्रज. १९३४ मध्ये लाहोरहून आले के. वेंकटरामन, ज्यांचं नाव एका रासायनिक अभिक्रियेला आहे, बेकर-वेंकटरामन पुनर्रचना, एमएस्सीच्या पोरांना ती आजही पाठ करावी लागते. १९३८ मध्ये ते विभागाचे पहिले भारतीय संचालक झाले आणि १९४३ मध्ये विभाग इथे माटुंग्याला आला. पुढे १९५७ मध्ये ते पुण्याच्या एनसीएलचे, म्हणजे राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे, पहिले भारतीय संचालक झाले, त्यांच्यानंतर त्या खुर्चीवर बसले त्यांचेच विद्यार्थी बी. डी. टिळक.

पण मला आज रंगांपेक्षा बुडबुड्यांबद्दल बोलायचंय, कारण त्या मागच्या बाकावरच्या प्रश्नाचं मूळ तिथे आहे.

खताच्या कारखान्यात कार्बन डायऑक्साइड बाजूला काढावा लागतो. तो वायू द्रावणातून सोडतात, त्याचे बुडबुडे होतात, आणि बुडबुड्याच्या कडेला, जिथे वायू आणि द्रव एकमेकांना भेटतात तिथे अगदी पातळ थरात सगळा खेळ होतो. त्यामुळे हा भेटीचा पृष्ठभाग, म्हणजेच तो मागच्या बाकावरचा एरिया, किती, यावर टाकी केवढी बांधायची ते ठरतं. एक सेंटीमीटरचा एक बुडबुडा फोडून एक-एक मिलिमीटरचे केले तर हजार होतात, वायू तेवढाच राहतो पण पृष्ठभाग दहापट होतो! आता लोखंडी टाकीत, फेसाळलेल्या द्रवात, लाखो बुडबुडे, तुम्ही मोजणार कसे? डोळ्यांनी दिसत नाहीत, फोटो काढता येत नाही.

उत्तर रसायनशास्त्रानेच दिलं. ज्या अभिक्रियेचा वेग आपल्याला आधीच पक्का माहीत आहे अशी एक अभिक्रिया त्या टाकीत घडवा, वायू किती खर्च झाला ते मोजा, आणि त्यावरून उलटं गणित करून पृष्ठभाग काढा. बुडबुडा एकही न बघता. मला तर हे पहिल्यांदा कळलं तेव्हा वही बंद करून नुसतं बसून राहावंसं वाटलं होतं.

ही पद्धत नावारूपाला आणणाऱ्यांत अग्रणी मनमोहन शर्मा. जन्म जोधपूरचा, शिक्षण इथलंच, मग पीएचडीसाठी केंब्रिजला पीटर डँकवर्ट्स यांच्याकडे. हे डँकवर्ट्स म्हणजे तेच, ज्यांना १९४० मध्ये लंडनवर पडलेले न फुटलेले सुरुंग निकामी केल्याबद्दल जॉर्ज क्रॉस मिळाला होता. गुरु-शिष्यांचा १९६६ चा निबंध कार्बन डायऑक्साइड आणि तो शोषून घेणारी अमाइन नावाची रसायनं यांच्यावरचा, आज वीजकेंद्रांच्या धुरातून कार्बन पकडायची जी धडपड जगभर चाललीय ना, तिथले लोक अजून तो काढून वाचतात. शर्मा १९६४ मध्ये परत आले आणि वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी इथे प्रोफेसर झाले. १९९० मध्ये ते लंडनच्या रॉयल सोसायटीचे फेलो झाले.

आणि मग घराणं सुरू झालं, गाण्यात असतं तसंच. रघुनाथ माशेलकर, गोव्यातल्या माशेलचे, गिरगावात वाढलेले, शर्मांकडे १९६९ मध्ये पीएचडी झाले, काम बुडबुड्यांच्या स्तंभांवर, पुढे एनसीएल, मग देशभरच्या सरकारी प्रयोगशाळा चालवणाऱ्या सीएसआयआरचे महासंचालक. ज्येष्ठराज जोशी, तेही शर्मांचेच. त्यांनी दाखवलं की बुडबुड्यांच्या उंच टाकीत द्रव मधून वर चढतो आणि कडेने खाली येतो, आणि अशी चक्रं एकावर एक रचलेली असतात, प्रत्येकाची उंची साधारण टाकीच्या व्यासाएवढी. भाताचं आधण डोळ्यासमोर आणा, कळेल. जोशींकडे शिकले अनिरुद्ध पंडित, त्यांनी बुडबुडा फुटतो त्या क्षणावर काम केलं, पाणी अरुंद भोकातून जोरात नेलं की त्याचा दाब एकदम कमी होतो, बारीक बुडबुडे तयार होतात, लगेच कोसळतात, आणि कोसळताना क्षणभर एवढ्याशा जागेत हजारो अंश तापमान तयार होतं. सांडपाणी शुद्ध करायला ते वापरता येतं. २०१९ मध्ये पंडित इथले कुलगुरू झाले.

त्यांच्या आधीचे कुलगुरू गणपती यादव, कोल्हापूर जिल्ह्यातले, तेही शर्मांचे विद्यार्थी, पण त्यांची वाट उत्प्रेरकांची, म्हणजे अभिक्रियेचा वेग वाढवणाऱ्या पदार्थांची. उत्प्रेरक म्हणून सल्फ्युरिक ॲसिड वापरलं की शेवटी ते उदासीन करावं लागतं, क्षारांचा ढीग उरतो, तो टाकायचा कुठे? त्याऐवजी घन आम्ल वापरा, गाळून घ्या, पुन्हा वापरा. त्यांनी अशी उत्प्रेरकांची मालिकाच केली आणि नावं काय दिली, तर यूडीकॅट-१, यूडीकॅट-२... विभागाचं जुनं नाव आता जगभरच्या शोधनिबंधांत त्या रूपाने छापलं जातं. मला हे नाव फार आवडतं, खरंच.

पुरस्कारांची यादी मी मुद्दाम वाचत नाहीये, पद्म पुरस्कार बरेच आहेत, विज्ञानातलं भटनागर पारितोषिक आहे. पण ही सगळी माणसं कधी ना कधी अशाच एखाद्या खोलीत, हातात खडू घेऊन, घसा कोरडा पडलेला असताना उभी होती आणि कुणीतरी त्यांना अडवलं होतं. इथे रंगवाला तेलवाल्याला विचारतो, फार्मावाली पॉलिमरवाल्याला विचारते, आणि "माहीत नाही, बघून सांगतो" हे उत्तर चालतं, फक्त पुढच्या वेळी बघून आलं पाहिजे.

परत खोलीत येऊया. पोरगा फळ्याकडे वळलाय, खडू उचललाय, त्याने टाकी काढली, टाकीत छोटे छोटे गोल काढले. मागच्या बाकावरची मुलगी थोडी पुढे सरकून बसली.

"हं," ती म्हणाली, "आता अभिक्रियेचा वेग लिही."