‘सगळेच पितात’ हा चुकीचा हिशेब

आत येताना तुम्हाला एक कोरी चिठ्ठी दिली. तिच्यावर दोन आकडे लिहा, नाव नको. गेल्या महिन्यात आपण किती दिवस दारू प्यायलो, हा पहिला. तुमच्या वर्गातलं साधारण कुणीही किती दिवस प्यायलं असेल, हा दुसरा. मी जिथे जिथे हे लिहून घेतलं, तिथे बहुतेक वेळा दुसरा आकडाच मोठा निघाला.

१९८६ साली पर्किन्स आणि बर्कोविट्झ या अमेरिकी संशोधकांनी हीच गोष्ट मांडली. झिंगेपर्यंत पिणं आपल्याला पटत नसलं, तरी बाकीच्यांना ते चालतं, असं विद्यार्थी धरून चालले होते. का? पार्टीत टेबलावर चढून ओरडलेला मुलगा दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या तोंडी असतो. एक ग्लास संपवून गुपचूप झोपायला गेलेल्या सहाजणांबद्दल कोण बोलणार? मग पहिल्या वर्षाचं पोर त्या एकाच्या मापानं प्यायला बसतं.

अशा पोराला रागावून काही हाती लागत नाही, हे मी मनापासून सांगतो. वॉशिंग्टन विद्यापीठात ॲलन मार्लट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वेगळी वाट धरली. दोनच भेटी. पहिल्या भेटीत किती, कधी, कुणाबरोबर पितोस, हे विचारायचं. दुसऱ्या भेटीत त्याचेच आकडे त्याच्यासमोर ठेवायचे, आणि बाकीचे खरोखर किती पितात तेही दाखवायचं. उपदेश नाही. दुसऱ्या ग्लासानंतर मजा वाढली नव्हती, नुसता तोल गेला होता, हे त्यानं स्वतःच्या तोंडानं सांगितलं की त्याचा उपयोग होतो. या पद्धतीनं पिणं आणि त्यातून होणारं नुकसान कमी होतं, असं अभ्यासांत दिसलं आहे.

आता शरीराचं. ५ टक्क्यांच्या ३३० मिलिलिटर बिअरमध्ये सुमारे १३ ग्रॅम अल्कोहोल असतं. ते निपटायला यकृताला तास-दीड तास लागतो. कॉफीनं किंवा गार पाण्याच्या अंघोळीनं हा वेग वाढत नाही.

म्हणूनच मला सगळ्यात जास्त भीती वाटते ती ‘झोपू दे, उतरेल’ या वाक्याची. मित्र उताणा पडलाय, अंगावर पांघरूण घातलंय, घोरतोय, म्हणजे ठीक आहे, असं वाटतं. पण शेवटचे दोन पेग अजून पोटातच असतात. तो झोपेत असताना ते रक्तात उतरतात आणि नशा आणखी चढते. उलटी झाली तर ती श्वासनलिकेत जाऊ शकते. त्याला कुशीवर वळवा. एकटं सोडू नका. हलवून जागा होत नसेल, दोन श्वासांमध्ये दहा सेकंदांचं अंतर पडत असेल, ओठ निळसर दिसत असतील, तर लगेच रुग्णवाहिका बोलवा.

तुम्ही फोन का करत नाही, तेही मला माहीत आहे. कॉलेजला कळेल, घरी कळेल. अमेरिकेतल्या अनेक विद्यापीठांनी नियमच केला आहे: मदत मागणाऱ्यावर आणि ज्याच्यासाठी मागितली त्याच्यावर पिण्याबद्दल शिस्तभंगाची कारवाई होत नाही. व्यासपीठावर बसलेल्या प्राचार्यांना आणि वसतिगृहप्रमुखांना माझी हात जोडून विनंती आहे. हे आश्वासन आजच लेखी द्या आणि रात्री कुठल्या नंबरवर फोन करायचा, तो प्रत्येक खोलीच्या दारामागे लावा.