उलाळ गाडी : तात्रा ८७ आणि तिचं वळण

मंडळी, बैलगाडी भरताना ज्यांनी पाहिली आहे त्यांना 'उलाळ' हा शब्द समजावून सांगायला नको. ओझं मागे जास्त झालं की जू वर उचललं जातं, बैलांच्या मानेवर भारच राहत नाही, आणि गाडीवान ओरडतो, "पोती पुढे सरकवा!" आज ज्या मोटारीबद्दल, म्हणजे तात्रा ८७ बद्दल, बोलायचं आहे ती जन्मतःच उलाळ होती. पोतं पुढे सरकवायची सोयही नव्हती, कारण ते पोतं म्हणजे तिचं इंजिन.

तात्रा म्हटलं की आपल्याकडे लष्कराचा ट्रक आठवतो, आणि २०१२ साली त्याच्या खरेदीवरून झालेला गदारोळ. कंपनी तीच. मोराव्हियातल्या कोप्रिव्निचे गावची, म्हणजे तेव्हाच्या चेकोस्लोव्हाकियातली. तिचे मुख्य अभियंते हान्स लेडविंका. त्यांच्या गाड्यांचा आकार ज्याच्या विचारातून आला तो पॉल यारे आधी झेपेलिनची, वायूने भरलेल्या लांबट फुग्यासारखी हवाई जहाजं करणाऱ्यांकडे काम करत होता. हवेला कापत जाण्यापेक्षा तिला मागे नीट मिटू देणं महत्त्वाचं, हे तो तिथे शिकला. म्हणून पुढचं टोक बोथट, मागचा भाग लांब आणि निमुळता. लोक थेंबाची उपमा देतात. मला मासा आठवतो.

आता या माशात इंजिन ठेवायचं कुठे? पुढे ठेवलं तर नाकाड उंच होतं आणि मागच्या चाकांपर्यंत जाणारा लांब दांडा बैठकीखालून न्यावा लागतो. शेपटीत ठेवलं तर दांडा नको, जमीन खाली, छप्पर खाली, शिवाय आवाज आणि वास मागे राहतो. १९३४ साली प्रागमध्ये तात्रा ७७ लोकांपुढे आली ती अशीच. ती लांब आणि जड होती. १९३६ ची ८७ आखूड आणि हलकी, सुमारे १३७० किलोंची. हवेने थंड होणारं आठ सिलिंडरचं, जवळपास तीन लिटरचं इंजिन, ताकद साधारण ७५ अश्वशक्ती, आणि वेग ताशी १६० किलोमीटर! १९७९ साली एका जुन्या ८७ ला फोक्सवॅगनच्या वाऱ्याच्या बोगद्यात उभं केलं तेव्हा तिचा हवारोधाचा गुणांक (तो जितका कमी तितका वारा कमी अडवतो) ०.३६ भरला. त्या काळच्या डब्यासारख्या गाड्यांना एवढ्याशा ताकदीत हा वेग मिळणं शक्यच नव्हतं.

माझ्या मते खरी मेख इथे आहे. बहुतेक इतर गाड्या त्या वेगाला पोचतच नव्हत्या, म्हणून त्यांच्या चाकांचे आस कधी त्या परीक्षेला बसले नाहीत. हिला आकाराने वेग फुकट दिला, आणि शांत बैठकीमुळे चालवणाऱ्याला तो जाणवलाही नाही.

मागचा आस कसा होता ते नीट बघू. इंजिनची ताकद चाकांना वाटणाऱ्या मधल्या पेटीच्या दोन्ही बाजूंना एकेक अर्धा आस. आतल्या टोकाला तो बिजागरीसारखा हलतो, बाहेरच्या टोकाला चाक काटकोनात पक्कं. त्यामुळे चाक वर-खाली झालं की पक्ष्याच्या पंखासारखं कलतं. खाचखळग्यांत हे झकास, कारण एका चाकाचा धक्का दुसऱ्याला पोचत नाही. तात्राचे ट्रक आजही मधली नळी आणि असेच अर्धे आस घेऊन चिखल तुडवतात. मात्र १०० च्या वेगाने वळण घेताना बाहेरच्या चाकावर रस्त्याचा जो आडवा रेटा येतो, तो गाडीची पाठ वर ढकलतो. पाठ वर गेली की चाक पोटाखाली दुमडतं, टायर कडेवर उभा राहतो, आणि पकड नेमकी हवी तेव्हा जाते.

त्यात माणसाचा स्वभाव. वळण अंदाजापेक्षा आवळ निघालं की कुणीही अॅक्सिलरेटरवरचा पाय काढतो. पुढे इंजिन असलेल्या गाडीत बहुतेक वेळा ते निभावतं. इथे पाय काढला की भार पुढे सरकतो, शेपटी हलकी होऊन उचलते, दोन्ही चाकं आत दुमडतात. वर इंजिनचा ब्रेक त्याच टायरांची उरलेली पकड खातो. मग शेपटीतलं वजन लंबकासारखं बाहेर निघतं. दांड्याकडून फेकलेला हातोडा हवेत फिरून डोकं पुढे करतोच, तसं.

वाऱ्याचाही जाच होता. बाणाचं वजन टोकाला आणि पिसं मागे, म्हणून तो सरळ जातो. इथे वजन मागे, आणि गुळगुळीत आकारामुळे आडव्या वाऱ्याचा दाब पुढच्या भागावर. ८७ च्या पाठीवरचा उभा पंख लोकांना दिमाख वाटतो, पण ती त्या बाणाची पिसं आहेत. आडवा वारा काय करतो याचं सर्वांत भयंकर उदाहरण तात्राचं नाही. २८ जानेवारी १९३८ रोजी फ्रँकफुर्ट–डार्मश्टाट रस्त्यावर जर्मन शर्यतपटू बेर्न्ड रोझमायर वेगाचा विक्रम करायला निघाला होता. ऑटो युनियनची गाडी, इंजिन चालकाच्या पाठीमागे, अंगावर सपाट झाकणं. ताशी ४०० किलोमीटरच्याही वर असताना बाजूने झोत आला, असं मानलं जातं. रोझमायर वाचला नाही.

दुसऱ्या महायुद्धात हा मुलूख जर्मनांच्या ताब्यात होता, तेव्हाची एक गोष्ट हमखास सांगितली जाते. जर्मन अधिकारी ८७ च्या प्रेमात पडले, वळणांवर इतके मेले की त्यांना ती चालवायला बंदी झाली, आणि चेक लोक तिला आपलं गुप्त शस्त्र म्हणू लागले. अधिकारी ती वापरत होते हे खरं. मेलेल्यांचा आकडा मात्र सांगणाऱ्यागणिक वाढतो, तेव्हा मी ती पारावरची गोष्ट म्हणूनच ऐकतो. उलट बाजूही बघा : हान्झेल्का आणि झिकमुंड हे दोघे चेक प्रवासी १९४७ ते १९५० मध्ये चंदेरी ८७ घेऊन आफ्रिका आणि लॅटिन अमेरिका फिरून आले. कच्च्या रस्त्यांवर हाच आस त्यांच्या कामी आला.

नंतर ज्यांनी इंजिन मागेच ठेवलं त्यांनी उपाय शोधले, तेही गमतीचे. सुरुवातीच्या पोर्शे ९११ मध्ये पुढच्या बंपरमागे चक्क वजनं बसवली. शेवरोलेच्या कोर्व्हेअरला पुढे १५ पौंड आणि मागे २६ पौंड हवा भरायची सूचना होती, म्हणजे पुढची चाकं मुद्दाम थोडी सुस्त. आपली नॅनो आठवा. इंजिन मागे, म्हणून पुढचे टायर १३५ चे आणि मागचे १५५ चे. कंजूषपणा म्हणून लोक हसले. कुणी चारही सारखे करून घेतले असतील, तर त्यांनी अभियंत्यांचा हिशोब पुसून टाकला. ज्यांच्याकडे मागे इंजिनवाली जुनी फोक्सवॅगन बीटल आहे त्यांनी पंक्चरवाल्याला "चारही चाकांत सारखी भर" असं कधी सांगू नये.

(प्रश्नोत्तरांत एका तरुणाने विचारलं, शेपटी सुटलीच तर करायचं काय?)

जितका वेग कमी करायचा तो वळणाआधी, चाकं सरळ असताना. आत शिरलात की अॅक्सिलरेटरवरचा पाय हलकेच दाबून ठेवायचा, म्हणजे पाठ बसलेली राहते. शेपटी निघालीच तर ती ज्या बाजूला जाते त्या बाजूला स्टिअरिंग, आणि ब्रेक नाही. हे बोलायला मला अर्धं मिनिट लागलं. गाडीत तेवढं मिळत नाही.