पाचवीची रात्र

(दृश्य : संध्याकाळ. माजघराच्या कोपऱ्यात मांडलेला पाटा. कॅमेरा हळूहळू समईच्या ज्योतीकडे जातो.)

या घरातल्या बाळाला जन्मून आज पाच दिवस झाले. पाटा धुऊन मांडलाय. वरवंट्याला हळदकुंकू लावलंय. शेजारी विळा आहे, समई आहे आणि एक कोरा कागद, त्यावर पेन. आज रात्री सटवाई येणार आणि बाळाच्या कपाळी त्याचं नशीब लिहून जाणार, अशी समजूत आहे. म्हणून दिवा विझू द्यायचा नाही. बाळ-बाळंतिणीला एकटं सोडायचं नाही. घरातल्या बायकांनी आळीपाळीनं जागायचं.

पाचवीला पुजलेलं, असं आपण किती सहज म्हणतो. कुणाच्या पाचवीला कष्ट पुजलेले असतात, कुणाच्या दारिद्र्य. माझ्या आजीच्या तोंडी मात्र हे शब्द कधी आले नाहीत. तिची दोन बाळं पाचवी आणि बारशाच्या मधल्या दिवसांत गेली होती. त्याबद्दल ती फार बोलायची नाही. विचारलंच तर एवढंच सांगायची, "दोन दिवस चांगलं पीत होतं गं. मग दातखीळ बसली."

पुष्कळ वर्षांनी मी नवजात बाळांच्या धनुर्वाताची वैद्यकीय व्याख्या वाचली. पहिले दोन दिवस नीट दूध ओढणारं, रडणारं बाळ. तिसऱ्या ते अठ्ठाविसाव्या दिवसाच्या दरम्यान त्याचं दूध ओढणं थांबतं, अंग ताठ होतं, झटके येतात. जागतिक आरोग्य संघटनेची व्याख्या ही अशी आहे. आजीनं तीच एका ओळीत सांगितली होती. तिला अक्षरओळखही नव्हती.

(दृश्य : अंगण. गोठा. शेणामातीनं सारवलेली जमीन. मातीत खेळणारी पोरं.)

धनुर्वाताचा जंतू राहतो मातीत. जनावरांच्या शेणातही असतो. प्रतिकूल हवामानात तो स्वतःभोवती टणक कवच करून बसतो, आणि त्या अवस्थेत वर्षानुवर्षं टिकतो. त्याला वाढायला प्राणवायू नसलेली जागा लागते. नुकत्याच जन्मलेल्या बाळाची कापलेली नाळ म्हणजे तशीच जागा. आत मरू लागलेली पेशी, वरून हळद, राख, तेल किंवा शेणाचा लेप. कापायला घरातला विळा, बांधायला हाताला लागेल तो दोरा. जंतू तिथं वाढतो आणि एक विष तयार करतो. ते विष मज्जातंतूंवाटे वर चढतं. स्नायूंना सैल सोडणारी यंत्रणा ते बंद पाडतं, मग स्नायू आवळलेले ते आवळलेलेच राहतात. आधी जबडा. मग मान, पाठ, पोट. बाळ धनुष्यासारखं वाकतं. उजेड पडला, कुणी हात लावला, भांडं वाजलं, तरी झटका येतो. उपचार नसतील तर अशी बाळं जवळजवळ कधीच वाचत नाहीत.

जंतू शिरल्यापासून लक्षणं दिसेपर्यंत जातात काही दिवस. बहुतेक बाळांमध्ये ती तिसऱ्या ते चौदाव्या दिवसाच्या मध्ये दिसतात, आणि सातव्या दिवसाच्या आसपास सर्वांत जास्त.

पाचवी. सटी. बारावा. या रात्री जागून काढणाऱ्या बायकांनी धोक्याचा काळ बरोबर ओळखला होता, असं मला मनापासून वाटतं. त्यांनी कित्येक पिढ्या तो डोळ्यांनी पाहिला होता. पूजेच्या मांडणीत विळाही होता. त्यांच्या हाती तेव्हा दिवा लावून जागण्यापलीकडे काही नव्हतं.

(दृश्य : गावातली अंगणवाडी. भिंतीवर फळांची चित्रं. बाहेर चपलांची रांग. आत गरोदर बायका आणि मांडीवर बाळं.)

आज गावात लसीकरणाचं सत्र आहे. नर्सताई उपकेंद्रातून आल्या आहेत. सोबत निळा लस-डबा, त्यात बर्फाचे चार पॅक. एक पॅक त्या डब्यात ठेवण्याआधी हातात घेऊन कानाशी धरतात आणि हलवतात. आत पाणी डुचमळल्याचा आवाज यायला हवा. अजून घट्ट असेल तर थोडा वेळ बाहेर ठेवायचा. कारण धनुर्वाताच्या लशीला उन्हाइतकीच गोठण्याचीही भीती असते. एकदा गोठून वितळलेली लस बाटलीत वरवर तशीच वाटू शकते, पण तिच्यातलं बळ गेलेलं. बाटलीवर उष्णतेची खूण असते. गोल, त्यात चौकोन. चौकोन बाहेरच्या गोलापेक्षा फिका आहे तोवर लस चालते. पण ही खूण गोठलेलं सांगत नाही. त्यासाठी नर्सताईंचा कानच हवा.

आणि मग इंजेक्शन कुणाला? जिला धनुर्वात होण्याची आज काहीच चिन्हं नाहीत अशा, चौथा महिना लागलेल्या बाईला.

ही कल्पना वाटते तितकी जुनी नाही. धनुर्वाताचा जंतू शुद्ध स्वरूपात वेगळा केला तो जपानच्या शिबासाबुरो कितासातो यांनी, बर्लिनमध्ये रॉबर्ट कॉख यांच्या प्रयोगशाळेत, १८८९ साली. पुढच्याच वर्षी कितासातो आणि तिथलेच त्यांचे सहकारी बेरिंग यांनी दाखवलं की, या विषाला तोंड दिलेल्या प्राण्याच्या रक्तरसात विषाचा उतारा तयार होतो. लस आली ती १९२० च्या दशकात. पण बाळाला लस टोचून त्याचं शरीर उतारा तयार करीपर्यंत काही आठवडे जातात, आणि हा आजार आठवड्याभरात घात करतो. कोडं तिथं अडलं होतं. न्यू गिनीमध्ये काम करणाऱ्या डॉक्टरांनी गरोदर बायकांनाच लस दिली आणि १९६१ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. आईच्या रक्तातला उतारा वारेतून बाळाकडे जातो, आणि बाळ जन्मतंच मुळी ढाल घेऊन.

म्हणजे आईच्या दंडात टोचलेली ही सुई बाळाची असते. अंगणवाडीत बसलेल्या प्रत्येकीला हे कुणीतरी शांतपणे, तिच्या शेजारी बसून सांगितलं पाहिजे. पुष्कळजणी सुईला घाबरतात, काहींच्या सासूबाई म्हणतात, "आम्ही कुठं घेतली होती?" अशा वेळी कार्डावरची तारीख दाखवून उपयोग नसतो.

पूर्वी याला टीटीचं इंजेक्शन म्हणत. आता टीडी म्हणतात, कारण त्यात घटसर्पाचाही भाग आला आहे. दिवस गेल्याचं कळलं की लवकरात लवकर पहिला डोस, त्यानंतर किमान चार आठवड्यांनी दुसरा. आधीच्या बाळंतपणात दोन्ही झाले असतील आणि तीन वर्षांच्या आत पुन्हा दिवस राहिले, तर एक बूस्टर पुरतो.

पुण्यात १९६६ साली सुरू झालेल्या सीरम इन्स्टिट्यूटनं आपली वाटचाल धनुर्वातावरच्या औषधानंच सुरू केली, हे आज कित्येक पुणेकरांनाही ठाऊक नसेल.

(दृश्य : कृष्णधवल छायाचित्रं. दाईंचं प्रशिक्षण. ब्लेड, दोरा, साबण, प्लास्टिकचा तुकडा.)

१९८८ साली जगात सुमारे ७ लाख ८७ हजार नवजात बाळं धनुर्वातानं गेली, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज होता. भारतात त्या काळी वर्षाला दीड ते दोन लाख बाळांना तो होत असावा. या बाळांची बहुतेकदा जन्माचीही नोंद नसायची, मरणाची तर नाहीच. घराच्या मागं, झाडाखाली पुरायचं आणि पुन्हा कामाला लागायचं.

लशीच्या जोडीनं दुसरं काम चालू झालं ते सुइणींबरोबर. स्वच्छ हात, स्वच्छ जागा, नवं ब्लेड, स्वच्छ दोरा, आणि नाळेला काही म्हणजे काही न लावणं. शेवटची गोष्ट सर्वांत अवघड होती. ब्लेड द्या, बाई वापरते. पण उघड्या नाळेकडे नुसतं बघत बसायचं? काहीतरी लावल्याशिवाय माया कशी पोचणार? हळद लावणाऱ्या हातात प्रेमच होतं. ती नाळ कोरडी राहिली की आपोआप सुकते, आठवडा-दीड आठवड्यात गळून पडते, याची खात्री पटायला एका गावात एका बाळाची नाळ तशी गळताना दिसावी लागली. मग दुसऱ्या घरी पटलं. वेळ लागला.

पुढे २००५ पासून जननी सुरक्षा योजना आली, बाळंतपणं दवाखान्यात होऊ लागली. महाराष्ट्रात आज शंभरातली नव्वदाहून अधिक दवाखान्यातच होतात. २००३ मध्ये आंध्र प्रदेश या आजारातून मुक्त ठरलेलं देशातलं पहिलं राज्य होतं. २०१५ साली नागालँडची तपासणी पूर्ण झाली आणि भारत माता व नवजात धनुर्वातापासून मुक्त झाल्याचं जाहीर झालं.

इथं एक शब्द जपून ऐकायला हवा. देवी हा रोग जगातून गेला. धनुर्वात गेलेला नाही. 'मुक्त' याचा अर्थ, प्रत्येक जिल्ह्यात वर्षाला हजार जिवंत जन्मांमागे एकाहून कमी बाळ. तो माणसाकडून माणसाला होत नाही, म्हणून शेजारणीनं लस घेतली तर आपलं बाळ वाचेल असंही नाही. जंतू अंगणातच आहे. आजच्या गरोदर बाईसाठी सगळं पहिल्यापासून.

(दृश्य : गडचिरोली. सागाचं जंगल, लाल वाट. सायकलवरून जाणारी बाई.)

धनुर्वात मागं हटला, तरी बाळं जातच होती. न्यूमोनियानं, आणि रक्तात पसरणाऱ्या जंतुसंसर्गानं, ज्याला डॉक्टर सेप्सिस म्हणतात. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' या संस्थेनं १९९५ ते १९९८ या काळात ३९ गावांत एक काम केलं. पाचवी ते दहावीपर्यंत शिकलेल्या गावातल्याच बायकांना त्यांनी आरोग्यदूत केलं. बाळंतिणीच्या घरी जायचं, बाळाला उबेत ठेवायला शिकवायचं, वजन करायचं, श्वास मोजायचे. संसर्गाची लक्षणं दिसली आणि आईबाप दवाखान्यात न्यायला तयार नसले, तर घरीच जेंटामायसिनचं इंजेक्शन आणि तोंडानं औषध द्यायचं.

त्या वेळी अनेकांना हे धाडस वाटलं. दिवसाच्या बाळाला, डॉक्टर नव्हे, नर्सही नव्हे, गावातली बाई सुई टोचणार? आकडे असे आले. सेप्सिस झालेल्या बाळांतली आधी शंभरातली जवळपास १७ दगावत होती; आरोग्यदूतांनी उपचार सुरू केल्यावर तिनाहून कमी. तिसऱ्या वर्षी नवजात मृत्युदर शेजारच्या तुलनेच्या गावांपेक्षा ६२ टक्क्यांनी उतरला. डिसेंबर १९९९ मध्ये 'द लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात ते छापून आलं. २०११ मध्ये केंद्र सरकारनं घरी जाऊन नवजात बाळाची काळजी घेण्याचा कार्यक्रम आशाताईंच्या हाती देशभर सोपवला.

मला या सगळ्यात आकड्यांपेक्षा एक गोष्ट मोठी वाटते. बाळंतिणीची खोली, जिथं परक्या माणसाला प्रवेश नसतो, तिथं जायचा अधिकार गावानं एका सुनेला दिला.

(दृश्य : पुन्हा पहिलं घर. सकाळ. दाराबाहेर आशाताईंच्या चपला.)

पाचवी होऊन दोन दिवस झाले. पाटा पुन्हा स्वयंपाकघरात गेला. आज सातवा दिवस. आशाताईंची ही दुसरी फेरी. पहिली तिसऱ्या दिवशी झाली. पुढच्या चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी.

त्या आधी हात धुतात. साबणानं, कोपरापर्यंत, आणि फडक्याला न पुसता हवेत वाळवतात. बाळाच्या आजीबाई हे बघत असतात.

"आजी, मध चाटवला नाही ना?"

"नाही बाई. तू ओरडली होतीस ना तेव्हा."

पहिल्या दोन-तीन दिवसांचं पिवळसर, दाट दूध या घरात यापूर्वी पिळून टाकत. जड पडतं म्हणायचे. त्या चिकात आईनं आयुष्यभर ज्या ज्या जंतूंशी गाठ घेतली, त्यांचा उतारा असतो. तो बाळाच्या घशाला, आतड्याला आतून अस्तर लावतो. या वेळी ते बाळाला मिळालं. दवाखान्यात चोवीस तासांच्या आत कावीळ बी-ची लसही टोचली होती. ती उशिरा देऊन चालत नाही. जन्मताना आईकडून हा विषाणू घेतलेल्या शंभरातल्या नव्वद बाळांच्या शरीरात तो कायमचा मुक्काम करतो. म्हणूनच तर गरोदरपणात आईची कावीळ, एचआयव्ही आणि गुप्तरोगाची तपासणी करतात. लाज वाटावी असं त्यात काही नाही. आधी कळलं तर बाळाला वाचवता येतं.

खोलीत शेगडी नाही. सुनेला शेक हवा होता, पण धूर बाळाच्या छातीत जातो म्हणून शेगडी बाहेर ओसरीत ठेवलीय. आजीबाईंना ते मनापासून पटलेलं नाही, तरी ठेवलीय.

आशाताई लंगोट सोडून नाळ बघतात. कोरडी आहे. मुळाशी लाली नाही, पू नाही. तळपाय हाताच्या पाठीनं चाचपतात. पोटाइतकेच गरम आहेत. आईला विचारतात, "ओढतोय नीट?"

"रात्री चारदा उठवलं त्यानं."

"मग उत्तम."

आता शेवटचं काम. बाळ झोपलंय, म्हणूनच हे आत्ता करायचं. रडताना श्वास मोजून उपयोग नाही. छातीवरचं झबलं वर सरकतं. आशाताई घड्याळ हातात धरतात आणि नजर बाळाच्या पोटावर लावतात. एका मिनिटात साठ किंवा त्याहून अधिक भरले, किंवा बरगड्यांखाली खड्डा पडताना दिसला, तर आत्ताच १०८ ला फोन करून निघायचं. पूर्ण मिनिट मोजायचं. अर्ध्या मिनिटाची दुप्पट करायची नाही.

खोलीत कुणी बोलत नाही. आजीबाई पदराचं टोक हातात धरून उभ्या आहेत.

अठ्ठेचाळीस.

आशाताई फॉर्मवर आकडा लिहितात, तारीख घालतात आणि झबलं खाली ओढतात.